आधारकार्डावरचे डोळे

गेलेल्या माणसाचं पोर्ट्रेट करून द्या म्हणून जे येतात, त्यांच्या हातात हल्ली बहुतेक वेळा आधारकार्डावरचा फोटो असतो. बेळगावजवळच्या येळ्ळूरचा तो मुलगाही तोच मोठा करून, लॅमिनेट करून घेऊन आला होता. पौषात वडिलांचं वर्षश्राद्ध. "एवढाच आहे, सर. बाबा फोटोला कधी उभेच राहायचे नाहीत."

असा फोटो चित्रकाराला फार थोडं देतो. कॅमेरा तोंडाजवळ असल्यानं नाक मोठं दिसतं, कान मागं पळतात. उजेड समोरून सपाट पडतो, त्यामुळे गालाचं हाड कुठं वळतं तेच कळत नाही. त्यावर चौकोन आखून तो मोठा करता येतो, पण त्यात माणूस येत नाही असं माझं ठाम मत आहे. बेळगावात चित्रकलेचा विषय निघाला की के. बी. कुलकर्णी सरांचं नाव येतंच. चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले. माणूस समोर बसवायचा आणि त्याच्यावर पडलेला उजेड रंगवायचा, ह्याच वळणात माझा हात तयार झाला. मी मुलाला म्हटलं, घरची सगळी असतील असा दिवस सांगा, मी येतो.

कार्तिकात गेलो. बासमतीची कापणी चालली होती, शिवार राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत पिवळं. घर कौलारू, पडवी उत्तरेकडं तोंड करून. उत्तरेचा उजेड तासन्‌तास फारसा हलत नाही, म्हणून मी तिथंच बसलो.

स्वभाव कसा होता, असं मी कधी विचारत नाही. चहाची बशी कुठल्या हातात धरायचे, ऐकताना कुठला कान पुढं करायचे, हे विचारतो. तरी बोलणं स्वभावावर गेलंच. मुलगा म्हणाला, कडक होते. धाकटे काका म्हणाले, "छे, दादा हसरा होता की!" मुलाची आई, म्हणजे माझ्या तोंडी काकी, भिंतीला टेकून सुपात मसूर निवडत होत्या. त्यांच्यापुढं फोटो धरला. एकदाच बघितला त्यांनी.

"हे डोळे त्यांचे नव्हेत."

सगळे गप्प झाले.

"तिथल्या पोरानं डोळे मोठे करा म्हणून सांगितलं असणार. असं ते कधी बघायचेच नाहीत. डावा डोळा बारीकच असायचा त्यांचा."

शेत गावाच्या पूर्वेला. जन्मभर सकाळी उगवतीकडं तोंड करून चालत गेलेला माणूस. मी मुलाला समोर बसवलं आणि डोळा बारीक करायला सांगितलं. त्यानं पापणी खाली पाडली. काकींनी सूप बाजूला ठेवलं. "पापणी नको रे. गाल वर घे." त्यानं गाल उचलला, खालची पापणी वर सरकली, डोळ्याच्या कोपऱ्यात चुण्या पडल्या आणि काका उठून उभेच राहिले. डोळ्याभोवतीचा गोल स्नायू आवळला की हेच होतं. आम्ही ते शरीररचनेच्या अभ्यासात शिकतो. काकींनी ते संसारात बघितलं होतं. कडक आणि हसरा हा वादही तिथंच मिटला, कारण त्या उचललेल्या गालात दोन्ही दिसत होतं.

मग मी भराभर कोळशानं रेखाटन केलं. डोळा मुलाचा घेतला आणि कातडीसाठी काकांना बसवलं, कारण उन्हात रापलेला रंग त्यांच्याच अंगावर होता. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, पांढरा, थोडा अल्ट्रामरीन. काळा मी कातडीत घालत नाही, सावली मरते. हनुवटीखालची सावली काळी नव्हतीच. अंगणातल्या उन्हाचा उजेड सारवणावरून वर उडत होता, त्यानं ती तांबूस झाली होती. कानाच्या पाळीतून तर उजेड आरपार येत होता, लालभडक. अशी जागा दिसली की मला हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आठवतं. १८८२ साली सावंतवाडीत जन्मलेला हा चित्रकार. त्याचं ते चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. दिव्यापुढं धरलेली बोटं आतून लाल झालेली, आणि तेही जलरंगात, जिथं चुकलेला उजेड परत आणणं फार अवघड. ते बघितल्यापासून कातडीचा रंग मी नुसता वरून लावत नाही.

काकांनी टोपी काढली तेव्हा कपाळावर आडवी रेघ दिसली. खाली तांबूस काळा रंग, वर एकदम उजळ. मुलाला वडील फेट्यात हवे होते, चारचौघांत शोभतील असे. मलाही फेट्याच्या घड्या रंगवायला आवडल्या असत्या. काकी म्हणाल्या, "घरात आल्यावर टोपी खुंटीला लावायचे. बोडक्या डोक्याचेच काढा, आणि सदऱ्याचं वरचं बटण नको." त्यांचं ऐकलं. त्या रेघेवर मी बाकीच्या सगळ्या चेहऱ्याइतका वेळ घातला. कड धारदार ठेवली तर ती रंगाची पट्टी वाटते, फार विरघळवली तर टोपीच नाहीशी होते.

श्राद्धाला चित्र वार्निशशिवायच गेलं. तैलरंग वरून सुकले तरी आत ओले असतात, निदान सहा महिने थांबावं लागतं. सहा महिने म्हणजे ऐन पावसाळा, आणि आमच्याकडच्या दमट हवेत वार्निशवर पांढुरकी साय येते. मुलाला सांगितलंय, दसरा होऊ दे, मग येतो. तोवर चुलीच्या धुराच्या वाटेवर लावू नका.