कुत्र्यांचे मोजे

“मुक्या जनावरांना मरेस्तोवर पळवतात, असली शर्यत मला बघायची नाही,” असं भाचीला ठणकावून सांगितलं होतं. शेवटी गेलेच. अलास्कातल्या अँकरेजच्या थंडीत एकटी घरात बसून करणार काय? आधीचे चार दिवस हीटर आणि आयता चहा, एवढंच आठवतंय.

इडिटारॉड, म्हणजे कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाड्यांची ही शर्यत, दर मार्चमध्ये असते. अंतर सुमारे १६०० किलोमीटर, शेवट नोम गावाला. शनिवारी फोर्थ अव्हेन्यूवर नुसती मिरवणूक, त्यासाठी रस्त्यावर ट्रकने बर्फ आणून पसरतात! गर्दी, ढकलाढकली, सगळ्यांचे फोन वर. वैतागून मी बाजूच्या गल्लीत शिरले, तिथे कुत्र्यांचे ट्रक उभे होते.

माझ्या डोक्यात निळ्या डोळ्यांचे गुबगुबीत हस्की. ही तर आपल्या गल्लीतल्या मोत्यासारखी, सडपातळ, लांब तंगड्यांची, संकर झालेली कुत्री! आणि ओरडणं असं की कान किटले. त्या गोंगाटात एक मशर (गाडी हाकणारी बाई) हातमोजे काढून बर्फात गुडघ्यांवर बसली होती. कुत्र्याचा पंजा मांडीवर घ्यायचा, बोटं फाकवून आत बघायचं, मलम चोळायचं, मग कापडी मोजा चढवून वेल्क्रो गुंडाळायचा. घट्ट झाला तर पाय सुजतो, सैल झाला तर मोज्यात बर्फ शिरतो. बालवाडीतल्या पोराला बूट घालताना माझा जीव जातो. हिला शर्यतीत चौदा-सोळा कुत्री, प्रत्येकाचे चार पाय, आणि वाटेत मोजे फाटतात म्हणून परत परत तेच.

तिच्या मदतनीस मुलाला मी नको तेवढे प्रश्न विचारले. त्याने सगळं सांगितलं: शर्यतीआधी रक्ततपासणी आणि ईसीजी, वाटेत ठिकठिकाणी पशुवैद्य, त्यांच्या सह्यांची वही, एकदा २४ तासांची आणि दोनदा आठ-आठ तासांची सक्तीची विश्रांती. लंगडणारं कुत्रं तिथेच ठेवतात, ते विमानाने परत येतं.

“आणि मरतात ती?”

“२०२४ला तीन मेली,” तो म्हणाला आणि पुढच्या कुत्र्याचा पंजा उचलला.

मला पुढे काही विचारवेना. गाडी जुंपली तशी ती कुत्री पट्ट्यात अक्षरशः उड्या मारत होती. तो आनंद की सवय, मला कळलं नाही. भाची म्हणते, “मावशी, तुला सगळ्यातच कळायला हवं का?”

रस्त्यात पडलेला एक लाल मोजा मी चोरासारखा खिशात घातला. वेल्क्रोत अजून केस अडकलेत.