तुम्ही विचारलंत म्हणून: विमानं भरलेली असताना कंपनी बुडते कशी?

मी विमानाच्या तिकिटांच्या धंद्यात आहे हे कळलं की बहुतेक जण हाच प्रश्न विचारतात. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईच्या जेट एअरवेजची विमानं जमिनीवर आली, तेव्हापासून तर जास्तच. विमानात जागा मिळता मिळत नाही आणि एके दिवशी कंपनी बंद पडल्याची बातमी येते, मग पैसा जातो कुठे? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असतं: मालकाने खाल्ला, नाहीतर तिकिटं फार स्वस्त विकली. अशा वेळी मी फ्रेडी लेकर यांच्या कंपनीची हकिकत सांगतो, कारण तिथे यातलं एकही उत्तर पुरत नाही.

लेकर इंग्लंडमधल्या कँटरबरीचे. त्यांनी १९६६ मध्ये लेकर एअरवेज काढली, तीही चार्टर उड्डाणांसाठी, म्हणजे सहलीच्या लोकांनी अख्खं विमान घ्यायचं, अशा कामासाठी. त्या काळी अटलांटिक ओलांडायचं भाडं विमान कंपन्या आपसात बसून ठरवत आणि सरकारं त्यावर शिक्का मारत. स्वस्तात जायची एकच वाट होती. एखाद्या क्लबचं सभासद व्हायचं, सहा महिने थांबायचं आणि मग त्या क्लबच्या चार्टरने जायचं. साहजिकच नावापुरते क्लब निघाले, मागच्या तारखांची कार्डं वाटली गेली आणि अधिकारी विमानतळावर प्रवाशांची उलटतपासणी घेऊ लागले. साध्या माणसाला अमेरिकेतल्या मुलीला भेटायला खोटं बोलावं लागतं, हे लेकर यांना सहन होईना. माझ्या मते त्यांचं सगळं पुढचं काम या चिडीतून आलं.

त्यांनी १९७१ मध्ये ‘स्कायट्रेन’साठी अर्ज केला. कल्पना अशी की आगाऊ आरक्षण नाही, एसटीच्या खिडकीवर जसं त्याच दिवशी तिकीट काढतो तसं काढायचं आणि बसायचं, जेवण हवं असेल तर वेगळे पैसे. परवाना मिळाला, पण अमेरिकेची मंजुरी अडली. पुढे ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारनेच पाठिंबा काढून घेतला, कारण सरकारी ब्रिटिश एअरवेजचे प्रवासी पळतील ही भीती. लेकर कोर्टात गेले. डिसेंबर १९७६ मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या अपील न्यायालयाने सांगितलं की मंत्र्यांना तसा अधिकारच नव्हता. दरम्यान स्कायट्रेनसाठी घेतलेली मोठाली डीसी-१० विमानं सहलीच्या लोकांना नेत होती.

२६ सप्टेंबर १९७७ ला लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावरून न्यूयॉर्कला पहिली स्कायट्रेन उडाली. भाडं ५९ पौंड. न्यूयॉर्कहून उलट यायला १३५ डॉलर. विमानात ३४५ जागा. पुढच्या उन्हाळ्यात लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनजवळ तिकिटासाठी लोक रस्त्यावर रात्री काढू लागले. ज्यांनी आयुष्यात विमानात पाय ठेवला नव्हता असे पेन्शनर, विद्यार्थी, कारखान्यातले लोक त्या रांगेत होते. त्याच वर्षी लेकर यांना ‘सर’ हा किताब मिळाला. मला आजही वाटतं की विमानप्रवास हा श्रीमंतांचा मक्ता नाही, हे अटलांटिकवर सिद्ध करण्यात त्यांच्याइतका वाटा फार थोड्यांचा आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. भरलेलं विमान म्हणजे नफा, हा समजच मुळात अपुरा आहे. विमान घ्यायला कर्ज लागतं, इंधन लागतं, आणि दोन्हीची किंमत डॉलरमध्ये ठरते. लेकर यांची कमाई मात्र बऱ्याच अंशी पौंडात होती. १९८० च्या शेवटी एक पौंड सुमारे २.४० डॉलरला होता, तो १९८१ च्या ऑगस्टपर्यंत १.८० च्या आसपास आला. म्हणजे कर्जाचा तोच हप्ता फेडायला एका वर्षात जवळजवळ एक तृतीयांश जास्त पौंड मोजावे लागणार. एकही प्रवासी कमी न होता हे घडतं. त्यात १९७९ च्या इराणमधल्या उलथापालथीनंतर तेल भडकलेलं आणि ब्रिटनमध्ये मंदी.

त्याआधीचा एक फटका लोकांच्या लक्षात नसतो. मे १९७९ मध्ये शिकागोत अमेरिकन एअरलाइन्सचं डीसी-१० कोसळून २७३ जण गेले. जूनमध्ये या जातीची सगळी विमानं काही आठवडे जमिनीवर ठेवली गेली. स्कायट्रेन तर डीसी-१० वरच चालायची, आणि उन्हाळा हाच कमाईचा हंगाम. अपघाताशी लेकर यांचा काडीचा संबंध नव्हता, तरी पेटी रिकामी राहिली ती त्यांचीच.

मात्र सगळं नशिबावर ढकलणं मला पटत नाही. त्याच १९७९ मध्ये लेकर यांनी दहा एअरबस ए-३०० मागवली. युरोपात स्कायट्रेन चालवायचा त्यांचा बेत होता, पण तिथल्या मार्गांचे परवाने मिळाले नव्हते. परवान्याआधी कर्ज काढणं हा त्यांचा स्वतःचा निर्णय होता, आणि मी तो जड मनाने का होईना, चूकच म्हणतो. हप्ते बाजाराची वाट पाहत नाहीत.

शेवटचा घाव मोठ्या कंपन्यांचा. १९८१ च्या हिवाळ्याच्या तोंडावर अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमने आपलं भाडं थेट लेकर यांच्या भाड्याला आणून भिडवलं. इतरांनी तेच केलं. त्याच पैशात जेवण आणि ठरलेली जागा मिळत असेल तर प्रवासी तिकडे जाणारच. विमानं बनवणाऱ्या मॅकडोनल डग्लसने लेकर यांना सावरायची तयारी दाखवली, तेव्हा युरोपातल्या विमान कंपन्यांनी तिच्याकडे तक्रारी केल्या. ५ फेब्रुवारी १९८२ ला लेकर एअरवेज थांबली. देणं पंचवीस कोटी पौंडांहून अधिक, आणि हजारो प्रवासी परक्या ठिकाणी अडकलेले. तरीही ब्रिटनमधली सामान्य माणसं कंपनी वाचवायला आपल्या खिशातून पैसे पाठवत होती. बुडालेल्या कंपनीसाठी लोकांनी वर्गणी काढल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

बुडालेल्या कंपनीचा हिशोब मिटवायला नेमलेल्या अवसायकाने पुढे अमेरिकेच्या कोर्टात ब्रिटिश एअरवेज, पॅन अ‍ॅम, टीडब्ल्यूए, लुफ्तान्सा आणि इतरांवर संगनमताचा दावा लावला. १९८५ मध्ये तडजोड झाली. धनकोंसाठी सुमारे ४.८ कोटी डॉलर आणि लेकर यांना स्वतःला ८० लाख डॉलर. संगनमत झालं होतं की नाही हे त्यामुळे कोर्टात ठरलंच नाही. या दाव्याचं ओझं मानेवर असल्याने सरकारी ब्रिटिश एअरवेजचं खासगीकरणही लांबलं आणि १९८७ उजाडलं. दावा सुरू असतानाच, १९८४ च्या जूनमध्ये, ब्रिटिश उद्योजक रिचर्ड ब्रॅन्सन यांची नवी विमान कंपनी व्हर्जिन अटलांटिक गॅटविकहूनच अटलांटिकपार गेली. ब्रॅन्सन सल्ला घ्यायला लेकर यांच्याकडेच गेले होते. मोठ्यांनी अन्याय केला तर वेळीच कोर्टात खेचा, असं लेकर यांनी त्यांना बजावलं होतं, आणि पुढे ब्रॅन्सन यांनी ब्रिटिश एअरवेजविरुद्ध नेमकं तेच केलं.