पुरातून स्टुडिओ वाचला, परवाने बुडाले

सांगलीत आमचा रेकॉर्डिंग स्टुडिओ सुरू झाला तो कॅसेटच्या उतरत्या काळात. भजनी मंडळं, पोवाडे, मंगलाष्टका, निवडणुकीच्या प्रचाराची गाणी अशी कामं करत कॅसेटवरून सीडीवर आलो, सीडीवरून यूट्यूबवर. त्या वर्षांत काम होतं, पैसे येत होते, बाकी विशेष काही नाही. आजवर या स्टुडिओत एकही क्रॅक, म्हणजे कुलूप फोडून फुकट वापरलेलं, सॉफ्टवेअर चाललेलं नाही, हे मात्र मी कुणासमोरही छातीठोकपणे सांगतो. आणि त्यापायी आम्हाला जे भोगावं लागलं, तेही सांगतो.

गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर, क्युबेस, घेतलं ते बिलासकट, आणि ज्यात त्याचा परवाना असतो त्या यूएसबी किल्लीसकट. ती किल्ली मी कंबरेच्या जुडग्यात ठेवायचो, दुकानाच्या शटरच्या चावीशेजारी. मग एकेक करत त्याला जोडायची प्लगइन्स घेतली: वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांची सॅम्पल लायब्ररी, आवाजाला घुमारा देणारं रिव्हर्ब, सूर दुरुस्त करणारं पिचचं प्लगइन. हप्त्याहप्त्याने घेतलं, पण प्रत्येकाचं बिल फाइलला लावलं.

आमच्याच गावात एक स्टुडिओ आहे, नाव घेत नाही. तो चालवणारा पोरगा माइक कुठे धरायचा हे आमच्याकडे शिकला. त्याच्याकडे माझ्यापेक्षा दुप्पट प्लगइन्स, आणि सगळी पेन ड्राइव्हवरून आलेली. गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन म्हणायचं, "तिकडे निम्म्या रेटमध्ये होतंय, तुमचं एवढं कशाला?" आता त्याला काय दाखवणार? आवाज तोच, स्क्रीनवरचं बटणही तेच. फरक कपाटातल्या बिलांचा, आणि बिलं काही कानाला ऐकू येत नाहीत.

2019 चा ऑगस्ट सांगलीकराला सांगायला नको. 2005 च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती. मशीन, मॉनिटर, इंटरफेस सगळं त्या खुणेच्या वर फळीवर चढवून, हार्डडिस्क आणि माइक घेऊन आम्ही बाहेर पडलो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं 57 फूट ओलांडले आणि ती खूण पाण्याखाली गेली. परत आलो तेव्हा सीपीयूच्या आत बोटभर गाळ होता. मदरबोर्ड संपला. भिंतीवरचा फोम सोलून काढावा लागला. बिलांच्या फायलीचा लगदा झाला.

गणपती 2 सप्टेंबरला होते. गणपतीची गाणी हा आमच्या वर्षाचा अर्धा धंदा. डिस्कवर सगळे प्रोजेक्ट सुखरूप होते, किल्ली कंबरेला होती. मिरजेत एका नातेवाइकाच्या वरच्या खोलीत उसना कॉम्प्युटर जोडला, क्युबेस उघडलं, मिरजेच्या भजनीबुवांच्या गाण्याचा प्रोजेक्ट लोड केला. बुवांचा आवाज आला, कोरस आला. पण ढोल नाही, ताशा नाही, स्ट्रिंग्ज नाहीत. मिडीच्या, म्हणजे कुठला सूर कधी वाजवायचा या नोंदींच्या, रेघा स्क्रीनवरून सरकतायत, मीटर तळाला पडून आहे, आणि मधोमध एकच चौकट: या कॉम्प्युटरवर परवाना नाही.

वाद्यांच्या लायब्ररीचे परवाने किल्लीवर नव्हते, मदरबोर्डवर बांधलेले होते. आधी जुन्या मशीनवर डीअ‍ॅक्टिव्हेट करा, म्हणजे परवाना सोडवा, मग नव्यावर चालवा, असा नियम. जुनं मशीन गाळात. कंपनीला मेल केला, तर आधी आपोआप आलेलं उत्तर, मग "जुन्या मशीनवरून लॉगिन करून परवाना सोडवा" असं उत्तर, मग बिलाची प्रत मागितली. पाण्यातल्या मशीनचा फोटो पाठवला तरी पुन्हा बिलच मागितलं. ज्या विक्रेत्याकडून घेतलं होतं त्याचं दुकान बंद झालेलं, आणि नोंदणी त्याने परस्पर स्वतःच्या मेल आयडीवर केलेली. म्हणजे पैसे माझे आणि मालक तो. इकडे लाइट अधूनमधून, नेट त्याहून अधूनमधून, आणि तिकडच्या ऑफिसची वेळ आमच्या मध्यरात्री. त्याच आठवड्यात त्या दुसऱ्या स्टुडिओने नव्या मशीनवर सगळं एका संध्याकाळी टाकलं आणि आमची मंडळं एकामागून एक तिकडे गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्या पोरावर माझा राग आहेच. पण त्याहून जास्त राग त्या कंपनीवर आहे, कारण पैसे मी तिला दिले होते, त्याने नाही.

बुवा मात्र गेले नाहीत. आमच्या पहिल्या कॅसेटपासूनचं गिऱ्हाईक. त्यांचंही घर पाण्यात होतं. खोलीवर आले, तो मुका प्रोजेक्ट ऐकला आणि म्हणाले, "अहो मालक, तुमच्या मशीनचा परवाना येईल तेव्हा येईल. माझ्या पखवाज्याला परवाना लागत नाही." दुसऱ्या दिवशी पखवाज, चकवा, टाळ, हार्मोनियम घेऊन मंडळ हजर. खिडकीला गाद्या लावल्या. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे जाड आवाजाच्या बाजूला, एक माइक, बारीक आवाजाच्या चाटीला एक, आणि टाळकरी मागे भिंतीला उभे केले, नाहीतर टाळ सगळ्या ट्रॅकवर सांडतो. धुमेला लावायची कणीक बुवांच्या घरून यायची. लाइट आली की रेकॉर्डिंग, गेली की चहा. अशी ती गाणी चतुर्थीच्या आधी बाहेर पडली, आणि त्या पैशावर आम्ही दिवाळीपर्यंत तग धरला. बुवांनी ठरल्यापेक्षा जास्त पैसे हातात ठेवले. मी परत केले तर रागावले.

परवाने मिळाले, पण सगळे नाहीत. काही पुन्हा विकत घ्यावे लागले.

आता जे या धंद्यात नवीन आहेत त्यांना, विचारलं नसलं तरी सांगतो. परवाना स्वतःच्या मेल आयडीवरच नोंदवा, विक्रेत्याच्या नाही. बिलाचा फोटो फोनमध्ये आणि मेलमध्ये, दोन्हीकडे हवा. मशीन फॉरमॅट करायच्या आधी, बोर्ड बदलायच्या आधी डीअ‍ॅक्टिव्हेट करा. आणि प्रत्येक गाणं संपलं की मिडीचे सगळे ट्रॅक 24 बिट वेव्हमध्ये बाउन्स करून, म्हणजे साध्या आवाजाच्या फाइली बनवून, ठेवा. आम्ही आता त्याशिवाय गिऱ्हाइकाला पोच देत नाही.

कंपन्यांच्या शब्दावर धंदा उभा करू नका. 2023 च्या मार्चमध्ये प्लगइन्स बनवणाऱ्या वेव्ह्ज कंपनीने कायमचे परवाने विकणं थांबवून फक्त वर्गणी ठेवली होती. जगभर ओरड झाली तेव्हा काही दिवसांत निर्णय फिरवला. क्युबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्गने 2022 साली क्युबेस 12 पासून किल्लीची गरजच काढली, हे चांगलं केलं, पण 2025 च्या मेमध्ये जुन्या किल्ल्यांची ऑनलाइन सेवा बंद झाली. जुनं व्हर्जन ज्यांच्या किल्लीवर आहे त्यांनी ती किल्ली सोन्यासारखी जपावी.

आमच्याकडे दुसऱ्या मशीनवर आता रीपर हे क्युबेससारखंच दुसरं सॉफ्टवेअर असतं. 60 दिवस वापरून बघता येतं, छोट्या धंद्याला परवाना 60 डॉलरचा, परवान्याची फाइल एकदा टाकली की नेट लागत नाही. सवय व्हायला वेळ गेला, पण पूर आला तरी ते उघडणार.

सांगली-मिरज भागात कुणाचं अ‍ॅक्टिव्हेशन अडकलं असेल तर स्टुडिओवर या. कंपनीला मेल कसा लिहायचा, कुठला मशीन आयडी पाठवायचा, हे मला आता पाठ आहे. पैसे घेणार नाही. येताना बिल तेवढं आणा, आणि क्रॅक असेल तर येऊ नका.