दोन कोयते आणि एक लेकरू

दसरा झाला की आमच्या आरोग्य उपकेंद्रावर पाय ठेवायला जागा नसते. गाव बालाघाटाच्या रांगेतलं, बीड जिल्ह्यातलं. दिवाळीनंतर इथे म्हातारी माणसं आणि आजीजवळ ठेवलेली पोरं तेवढी राहतात. बाकी सगळे ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर बेळगावकडे जातात. निघण्याआधी त्यांची तपासणी करायची, आरोग्यकार्ड भरून द्यायचं, हे माझं काम. 2019 मध्ये जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13 हजारांवर बायांची गर्भाची पिशवी काढलेली निघाली. त्यावरून गदारोळ झाला आणि या तपासण्यांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

त्या दिवशी बायांच्या रांगेत एक नवरा-बायको जोडीने उभे होते. पुरुष एरवी रांगेत नसतात, ते पारावर बसून मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, फोनची वाट बघतात. ती तेविसेक वर्षांची, तो दोन-तीन वर्षांनी मोठा. लग्नाला तीन वर्षं झालेली. तिचं बोट टोचलं, हिमोग्लोबिन 8.6 आलं. मी कार्डावर आकडा लिहितेय तोवर तो म्हणाला, "सिस्टर, एक इचारायचं व्हतं. लेकरू होऊ द्यावं का न्हाई, ते तुमी सांगा."

मागच्या बाया फिदीफिदी हसल्या. गावातली आशा कार्यकर्ती, आमची आशाताई, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दिवाळी तोंडावर आली अन् हे दोघं रोज भांडायलेत."

मला लोक येऊन दोनच गोष्टी विचारतात. दिवस का राहत नाहीत, नाहीतर आता बास कसं करायचं. मूल हवं का, हे विचारायला कुणी येत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारत नाही. लग्नानंतर पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर आशाताईला 500 रुपये मिळतात, पुढच्या मुलात तीन वर्षांचं अंतर राहिलं तर आणखी 500. रजिस्टरात गर्भनिरोधक साधन कोणतं, तारीख काय, सगळ्याला रकाने आहेत. त्या दोघांना काय वाटतं याला नाही. मी त्यांना म्हटलं, रांग संपू दे, मग निवांत बोलू.

चार वाजून गेल्यावर दोघं आत आले. त्याने हिशेबच मांडला. तोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, तसा यांचा दोघांचा मिळून एक. मुकादमाकडून आगाऊ उचल लाखभर घेतलेली. टनाला 366 रुपये, दिवसाला दोन टन पडले तर पडले. बायकोला दिवस गेले तर पाचव्या-सहाव्या महिन्यात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं कुणी? ती कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, बसली की कोयता अर्धा झाला, आणि उचल फिटली नाही की बाकी पुढच्या सालाच्या बोकांडी. "सरकार किती देतं म्हणे?" त्याने विचारलं. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे 5000 मिळतात, दोन हप्त्यांत, असं सांगितलं. तो हसला. मलाही हसू आलं, आवरलं.

"म्हणजे तुला नकोय?" मी विचारलं.

"मला पाहिजे वो. म्हणूनच हिशेब करायलोय. हिलाच न्हाई पायजे."

इतका वेळ ती गप्प होती. तिचं ऐकताना मी कार्ड बाजूला ठेवलं. ती आठ वर्षांची असताना आई-बापाने तिला शाळेतून काढून उसाच्या फडावर नेलं होतं, भाऊ सहा महिन्यांचा होता म्हणून. पहाटे तीन-चारला आई तोडीला गेली की लेकरू हिच्या काखेत. पाणी, चूल, त्याचे लंगोट, सगळं हिनेच केलं. रात्री ऊसगाडीचा आवाज आला की त्याला घट्ट धरून बसायची, गाड्या वळायच्या तिथेच कोप्या होत्या म्हणून. "एक लेकरू मी वाढवलंय, सिस्टर," ती म्हणाली. "आता मपलं झालं तर ते कुणाच्या काखेत द्यायचं? नणंदेची पोरगी सातवीत हाय. सगळे म्हणायलेत, तिला न्या संगं. मी त्या पोरीला नेणार न्हाई."

तो तिच्याकडे बघतच राहिला. तीन वर्षांत ही गोष्ट त्याने पहिल्यांदाच ऐकली असावी. त्याला वाटत होतं की ती बाळंतपणाला भिते.

शहरातले पाहुणे मला कधीमधी ऐकवतात, की ही माणसं विचार न करता पोरं जन्माला घालतात. त्यांना एकदा ऑक्टोबरात माझ्या टेबलाशेजारी बसवायला पाहिजे.

एवढ्यात तिची सासू दारात आली. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. सासू येणार, पाळणा कधी हलायचा म्हणणार आणि झालेलं सगळं बोलणं पाण्यात जाणार. ती म्हणालीही तेच. "नातू बघायचाय, सिस्टर. गावात तोंड दाखवता येईना." मग पोराला म्हणाली, "तू भाईर जाय जरा." तो गेला. सून तिथेच राहिली.

"मावशी, बसा. बीपी बघू द्या." 170 वर 100. पुन्हा मोजलं, तेवढंच. पिशवी काढलेली, वय विचारलं तर "असंल पन्नास." उठता-बसता कमरेला हात.

"औषध चालूय?"

"कशाचं?"

पट्टा सोडता सोडता मी सहज विचारलं, नातू झाला तर सांभाळणार कोण? ती पटकन म्हणाली, "मीच की. मग मला फडात कोण नेतंय?" आणि बोलून झाल्यावर सुनेकडे बघून ओशाळली. "औंदा जाववत न्हाई बाई. पण कामून न्हाई येत म्हणून इचारलं तर काय सांगू? लेकरू असलं की सांगता येतं."

म्हणजे घरातले तिघं लेकराबद्दल भांडत होते खरे, पण त्यातली एक बाई फक्त घरी राहायला कारण शोधत होती. आणि तिच्यापुढेही हिशेब होताच. ती राहिली की सासऱ्याचा कोयता मोडतो. लेकराच्या पायी सुनेचाही मोडला तर एका घरातले दोन कोयते अर्धे होतात.

मी पोराला आत बोलावलं आणि सगळ्यांसमोर दोन गोष्टी वेगळ्या केल्या. माय फडावर जाणार नाही. यात लेकराचा संबंध नाही. या बीपीवर पहाटे तीनला उठून ऊस तोडला तर काय होईल ते मी जरा भडक करूनच सांगितलं, आणि गुरुवारी डॉक्टरांकडे आणायला लावलं. तो म्हणाला, "मग बापाचं?" मी म्हटलं, ते तुम्ही बाप-लेक बघा, पण त्यासाठी नातू जन्माला घालू नका.

लेकराचं मी ठरवू शकत नाही, हेही सांगितलं. शरीरापुरतं मात्र सांगू शकते. 8.6 वर दिवस राहिलेले चांगले नाहीत. आधी लोहाच्या गोळ्या नेमाने घ्यायच्या. मूल हवं असं ठरलं तर दिवस राहण्याआधीपासूनच फॉलिक अॅसिड. तोवर दिवस राहू नयेत म्हणून काय वापरायचं यावर बराच वेळ गेला. 'अंतरा' नावाचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी लागतं, म्हणजे दुसरं फडावर असताना. कार्ड दाखवून तिथल्या सरकारी दवाखान्यात मिळतं, पण त्यासाठी एक दिवस खाडा, आणि खाड्याचे पैसे कापतात. तिने छाया गोळी निवडली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदाच. "वार कळत न्हाईत तिथं," ती म्हणाली. तेव्हा नवऱ्याने मोबाईलवर बुधवार आणि आयतवारचा गजर लावला. गजर नेमका कसा लावायचा हे सासूला नीट बघायचं होतं, म्हणून त्याने तो परत लावून दाखवला.

सासू गावातच राहिली. सासरा अर्ध्या कोयत्यावर गेला, आणि त्यावरून घरात चांगलंच वाजलं, असं आशाताईकडून कळलं.

तोडीचा हंगाम संपून पट्टा पडल्यावर, चैत्रात, दोघं परत आले. माणसं काळवंडून आली होती, पण तिचं हिमोग्लोबिन 10.9 निघालं. सासूचं बीपी गोळ्यांवर बरं होतं. मी न राहवून विचारलं, मग काय ठरलं?

"ठरायलंय," ती म्हणाली. "ह्यांनी सालाची उचल अजून घेतली न्हाई. मुकादमाला काय सांगायचं ते आमचं आमी बघू. तुमी तेवढं एचबी बघत जावा."