मीटरवर 231, बल्बात नुसती लालसर तार

गेल्या मे महिन्यात आमची कॅम्पर व्हॅन रावेरजवळच्या आप्पा या परिचित शेतकऱ्याच्या केळीच्या बागेत मुक्कामाला लावली होती. रात्री एसीशिवाय मुलांना झोप लागणे कठीण होते आणि ओट्यावर 16 अँपिअरचा सॉकेट समोरच होता. नेहमीप्रमाणे मी आधी मल्टिमीटर लावला. फेज-न्यूट्रल 236 व्होल्ट, फेज-अर्थ 231 आणि न्यूट्रल-अर्थ 5, म्हणजे आकडे पाहता तक्रारीला जागा नव्हती. "काही होत नाही भो, घाला पिन," असे आप्पा म्हणालेही.

परंतु डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध साधारण 10 मेगाओहम असल्यामुळे तो वायरीतून जवळजवळ प्रवाहच घेत नाही, आणि म्हणून अर्थिंग भक्कम असो की गंजलेल्या सळईला कशीबशी टेकलेली असो, त्याला दोन्ही सारखीच दिसतात. यासाठी मी होल्डरला वायरी जोडलेला 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब गाडीत बाळगतो. सर्वांना सॉकेटपासून आणि बोअरच्या पाइपापासून दूर उभे करून तो फेज आणि अर्थ यांमध्ये क्षणभर जोडला, तर त्याची तार नुसती लालसर झाली आणि न्यूट्रल-अर्थमधले 5 व्होल्ट 170 वर गेले, म्हणजे अर्थिंग नावापुरतीच होती. एसीत कधी गळती झाली असती, तर ती जमिनीत न जाता रबरी टायरांवर उभ्या असलेल्या व्हॅनच्या पत्र्यावर आली असती आणि दाराला हात लावणाऱ्या अनवाणी मुलाला तिचा झटका बसला असता. (सॉकेटमागे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असेल, तर या बल्बाने तो तत्काळ पडायला हवा, इथे तो नव्हताच.)

आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि सळईपासून सुटते. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतल्यावर बल्ब थोडा उजळला, पण तेवढ्यावर माझे समाधान झाले नाही. पिन न घालता आम्ही अंगणात खाटा टाकल्या.

मीटर घेताना मी किमतीआधी त्यावरचा कॅट 3, 600 व्होल्ट हा सुरक्षा श्रेणीचा शिक्का पाहतो आणि प्रोबच्या वायरींवरही तोच आहे ना, हे तपासतो. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर झटपट तपासणीला ठीक आहे, पण न्यूट्रल आणि अर्थ यांची अदलाबदल त्याला कळत नाही. आणि सॉकेटातच त्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून ठेवणारे वायरमन मी पाहिले आहेत, तेही त्याला कळत नाही. नुसता निऑन टेस्टर फेज दाखवतो, न्यूट्रल तुटलेला असला तरी त्याची दिवी तशीच लागते. त्याउलट मिलिअँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर मला पैसे वसूल करणारा वाटतो. एकाच वायरीभोवती लावला तर तो भार सांगतो; फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरले तर शून्य दाखवायला हवा, आणि शून्य नसेल तेवढी गळती समजावी.