मोल्याच्या कुंड्या

लातूरच्या काळ्या मातीत वाढल्यामुळे मोल्या हा शब्दच मी एमएस्सीसाठी जयपूरला आल्यावर ऐकला. राजस्थान-हरियाणाच्या रेताड जमिनीतला गहू-जवाचा हा रोग. भारतात तो १९५८ साली सीकर जिल्ह्यात पहिल्यांदा नोंदला गेला. कारण एक सूत्रकृमी, म्हणजे मुळांवर जगणारा दोऱ्यासारखा सूक्ष्म जंत, हेटेरोडेरा अव्हेनी. माझं काम होतं गव्हाचे वाण त्याला किती बळी पडतात ते पाहणं.

रोगट शेतातली माती पोत्यांनी आणली आणि चाळण्यांवर धुऊन तपकिरी सिस्ट वेगळे केले. सिस्ट म्हणजे मेलेल्या मादीचं कडक झालेलं शरीर, आत शेकडो अंडी. सगळी एका हंगामात उबत नाहीत, उरलेली पुढच्या वर्षांची वाट पाहतात. म्हणून तर एकदा लागलेलं शेत सहजी सुटत नाही.

नोव्हेंबरात कुंड्यांत पेरणी झाली. जानेवारीत काही रोपं उपटून मुळं ॲसिड फुक्सिन या लाल रंगात उकळली. सूक्ष्मदर्शकाखाली कृमीची लाल पिल्लं दिसली, प्रतिकारक वाणाच्या मुळांतही! मला वाटलं, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. मार्गदर्शक हसले. क्रे, म्हणजे या कृमीला रोखणारी जनुकं असलेल्या गव्हात पिल्लू शिरतं, मुळातल्या पेशी जोडून खाण्याची जागाही बांधायला घेतं. पण ती जागा नीट भरतच नाही, लवकर खचते, आणि मादी उपाशी राहते.

फेब्रुवारीत कुंड्या बादलीत भिजवून मुळं मोकळी केली. बळी पडणाऱ्या वाणाची मुळं आखूड, झुपक्यांची, त्यांवर खसखशीसारख्या पांढऱ्या माद्या. राज एमआर-१ या प्रतिकारक वाणावर शोधून एखादी. मोजताना मान पार आखडते, आणि मादी तपकिरी पडायच्या आत मोजणी उरकायची असते, नाहीतर ती मातीत हरवते.

माती दिलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न मात्र रास्त होता: प्रतिकारक म्हणता, मग हा गहूही सुरुवातीला पिवळा का? पिल्लं शिरतात तेव्हा मूळ दुखावतंच. प्रतिकारक वाण किडीची पुढची पिढी रोखतो. मार खाऊनही उतारा देणं हा सहनशीलतेचा गुण, आणि दोन्ही एकाच वाणात असतीलच असं नाही. हे मला परीक्षेत लिहिता आलं असतं, बांधावर समजावताना घाम फुटला.

मे-जूनची खोल नांगरट आणि पुढच्या रब्बीला मोहरी, एवढं त्यांनी ठरवलं. मोहरीवर ही कीड जगत नाही. म्हणून पुढच्या चाचणीसाठी लागणारी माती मी आधीच पोत्यात भरून ठेवली.