आमची वाटचाल : चटणी, शीट आणि पिनकोड

आमच्या कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात. आईची चटणी आधी नातेवाइकांत जायची, मग पुण्या-मुंबईतल्या नोकरदार पोरांकडे, मग त्यांच्या रूममेटांकडे. ऑर्डर व्हॉट्सॲपवर यायच्या, मी वहीत उतरवायचो. वही पार तेलकट झाली तेव्हा गुगल शीट केली. नाव, पत्ता, पिनकोड, वजन, पैसे आले का. आजही तीच शीट चालू आहे, फक्त उजवीकडे तिला चार रकाने फुटलेत.

खरा वैताग कुरिअरचा. रोज संध्याकाळी बायको शीट उघडून पिनकोड वाचायची, मी पोर्टलवर टाइप करायचो, आलेला दर ती लिहून घ्यायची. पंधरा पार्सलांना तास जायचा. उन्हाळ्यात लोक वर्षाची चटणी भरतात, तेव्हा तर जेवायला अकरा वाजायचे. ४११ च्या जागी ४४१ पडलं की पुण्याची चटणी विदर्भाच्या वाटेला.

मग कळलं की कुरिअरचा एपीआय असतो. पोर्टलवर हातानं भरतो तेच एका वेब पत्त्यावर पाठवायचं, उत्तर परत येतं. भाच्यानं ॲप्स स्क्रिप्टमध्ये, म्हणजे गुगल शीटला जोडून कोड लिहायची सोय असते तिथं, आठ-दहा ओळी लिहून दिल्या, पण पिनकोड आणि वजन त्यानं कोडमध्येच लिहिलेलं. म्हणजे दर पार्सलला कोड उघडून आकडा बदलायचा! त्यापेक्षा पोर्टल बरं होतं.

एक अख्खा रविवार मोडून ते बदललं. कोडमध्ये आकडा ठेवायचाच नाही. सी रकान्यातला पिनकोड घे, डी मधलं वजन घे, विनंतीत बसव, आलेला दर एफ मध्ये लिही, खालच्या ओळीवर जा. रकाना भरलेला बघून बायको म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही रिकामेच की."

रिकामा कसला! तिसऱ्याच दिवशी एका ओळीला ‘पिनकोड चुकीचा’ असं उत्तर. शीटमध्ये बघावं तर सहाच्या सहा आकडे बरोबर. अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर दिसलं की गिऱ्हाइकानं फॉर्म मराठी कीबोर्डवर भरलाय. आपल्याला ४११०३० दिसतं, पण पलीकडच्या यंत्राला इंग्रजी आकडे लागतात, आपले ते आकडे म्हणून ओळखतच नाही. तेव्हापासून कोड आधी मराठी आकडे बदलतो, मधली मोकळी जागा काढतो आणि मगच विनंती पाठवतो. दुसरा घोळ ‘&’ चा. पत्त्यात तो आला की वेब पत्त्याला वाटतं इथून पुढचा रकाना सुरू. लेबलवर निम्माच पत्ता उमटला. मजकूर वेब पत्त्यात घालण्याआधी एन्कोड करायचा असतो, म्हणजे असल्या चिन्हांच्या जागी ठरलेले संकेत घालायचे असतात, हे त्या पार्सलानं शिकवलं.

सगळ्यात महागात पडलं ते दुबार बुकिंग. बटण दाबलं, नेट रेंगाळलं, मी परत दाबलं. पिकअपवाला पोरगा आला तो तेरा पार्सलांची सव्वीस लेबलं घेऊन. पैसे वॉलेटमधून वळते झालेले, परत मिळवायला महिना गेला. आता बुकिंग नंबर आला की तो लगेच त्याच ओळीत लिहिला जातो, आणि नंबर असलेली ओळ कोड सोडून देतो. तेवढ्यानं भागत नाही, कारण दोन्ही वेळा दाबलेलं एकदमच पळत असतं. म्हणून एक चालू असताना दुसरं सुरू होऊ नये असं कुलूपही घातलंय. स्क्रिप्ट सहा मिनिटांनी आपोआप थांबते, त्याचीही आता धास्ती नाही. परत चालवली की राहिलेल्या ओळी उचलते.

एपीआयची चावी, म्हणजे आपलं खातं ओळखायचा पासवर्डसारखा गुप्त मजकूर, मी शीटच्याच एका कोपऱ्यात लिहिली होती. शीट हिशेबनिसालाही दिसते हे ध्यानात आल्यावर ती स्क्रिप्टच्या प्रॉपर्टीजमध्ये, म्हणजे शीटबाहेरच्या स्क्रिप्टच्या स्वतःच्या कप्प्यात, हलवली.

कुरिअरचे दर ओळीने शेजारी-शेजारी दिसायला लागले आणि एक गोष्ट टोचली. आमचं पाकीट अर्ध्या किलोचं, त्यावर पिशवी आणि खोका चढला की वजन ५०० ग्रॅमच्या वर, म्हणजे पुढच्या टप्प्याचा दर. इतकी वर्षं खोक्याच्या वजनाचे पैसे भरत होतो. पाकीट ४०० ग्रॅमचं केलं.

आईला ते पटलेलं नाही. घरी येऊन नेणाऱ्यांना ती अजून अर्धा किलोच भरून देते, आणि ती ओळ शीटमध्ये येत नाही.